फेसाळ कुटुंब

"ज्यानं सही केली त्यानं पुढं या," रामप्रसादशेठ म्हणाला आणि त्यानं दुकानाचं शटर आतून खाली ओढलं.

कॉफीचं मशीन एकदा फुसफुसलं. विरोध काय तो तेवढाच झाला.

'फेसाळ कॉफी'च्या साखळीतलं हिंगोलीचं दुकान शेठनं चालवायला घेतलं होतं. नांदेड-परभणीच्या दुकानांतली पोरं युनियन करून राहिली होती. सकाळी त्यांचा कागद इथंही येऊन गेला. मागण्या दोनच : आठवड्याची सुट्टी, आणि गिऱ्हाईक नसताना टेकायला स्टूल. कामाला तिघं, पण कागदावर सही एकट्या शितलची. हरिचंद आणि कहकशाची सही अजून पेनातच होती.

शितल पुढं झाली. नोकरी आहे तोवर लग्न नाही, असा तिचा बापाशी करार होता. तिकडं शिरड शहापुरात नवरदेव नोकरी जायची वाटच बघत बसला होता.

शेठ नुकताच कोर्टाच्या तारखेवरून आला होता. भावांशी वाटणीचा दावा. थोरल्यानं बांधावर त्याचा पुढचा दात पाडला होता. ज्या म्हशीवरून भांडण पेटलं ती कधीच मेली. दावा मात्र धडधाकट होता.

"काहून केलं हे?" शेठ कडाडला. "मी काय परका हाय? आपण एक कुटुंब हाओत! कुटुंबात कुठं युनियन असते का?"

कहकशा पुसलेलंच टेबल पुसत राहिली. शितलनं शेठकडं बघितलं.

"शेठ, खरंच कुटुंब हाओत का आपण?"

"व्हय! लेकरं हायेत तुमी माझी."

"बराबर. मग आमच्या वाटण्या करून द्या."

शितल बोटं मोजू लागली.

"मशीन हरिचंदला, फ्रीज कहकशाला, रस्त्याकडचा गाळा मला. म्हातारपणी तुमाला आमी चार-चार महिने आळीपाळीनं सांभाळू."

"मला फ्रीज काहून?" कहकशानं फडकं आपटलं. "थोरली मी हाय! गाळा माझा!"

"आन् नळ गाळ्याच्या हिश्श्यात गेल्यावर माझ्या मशीनला पाणी कुठून?" हरिचंदनं बाह्या सारल्या. "मी कोर्टात जाईन. नळ सोडणार न्हाई."

शेठची जीभ आपोआप पडक्या दाताच्या खिंडीत गेली. त्यानं शटर सर्रकन वर केलं, उन्हात उभं राहून तिघांपुढं हात जोडले.

"युनियन करा माय," तो म्हणाला, "पण भावकी नका करू."