सातही भावना

हाँगकाँगला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने, शंतनुने, एकदा सांगितलं होतं, की अति हावभाव करणाऱ्याला तिकडे कँटोनीजमध्ये 'सातही भावना चेहऱ्यावर' असं म्हणतात. मला लगेच स्नेहलताकाकू आठवली.

आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. काकूचं घर आमच्या चिखलीतच, दोन गल्ल्या सोडून. पण गुडघे दुखतात म्हणून तिला एकदाही येणं जमलं नाही. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र ती पायरीपासूनच हंबरडा फोडत आली. छाती पिटली, आईच्या फोटोपुढे कोसळली, डोळे फिरवले. दोघींनी धरून बसवलं तिला.

मग तिने भिंतीला टेकवलेल्या मोबाईलकडे बघितलं. शंतनु व्हिडिओ कॉलवर होता.

"पाह्यलं ना बाप्पा, तुह्या मायसाठी किती रडली मी?"

"काकू, मघापासून रेंजच नव्हती. आत्ता दिसायला लागलात तुम्ही."

काकू ताडकन उठली. गुडघ्यांचं नावही नाही. पदर सारखा केला, दाराबाहेर जाऊन चपला घातल्या आणि तिथूनच मला हाक मारली.

 

"गार्गी, फोन इकडं धर वं. मले पुन्हा पायरीपासून या लागते."