औषधावरचं गोड

चिऊ आठवडाभर धारला तिच्या आईकडे असते आणि शनिवार-रविवार देवासला आमच्याकडे. मी तिची सावत्र आई. विद्युल्लताताईंचं, म्हणजे तिच्या आईचं, आणि माझं भांडण नाही. फक्त पहिला फोन कुणी करायचा ते अजून ठरलेलं नाही. त्यामुळे खोकल्याच्या औषधाचे निरोपही चिऊच्याच तोंडी येतात-जातात.

पहिल्याच शनिवारी चमचा बघून ती म्हणाली, "मावशी, आई तर दवाई के बाद जलेबी देते."

सावत्र आहे म्हणून हात आखडला, असं कुणी म्हणायला नको. मी जलेबीवर रबडी घातली. पुढच्या शनिवारी कळलं, धारला आता खव्याची, पाकातली मावाबाटी सुरू झालीय. मग मीही इरेला पेटले आणि घरीच गुलाबजाम तळले.

महिन्याने डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. "खांसी गई, दवाई बंद. पण वजन बघा हिचं! इतना मीठा कौन खिला रहा है?"

"ह्यांच्याकडे औषधावर रबडी असते, मग मला मावाबाटी आणावीच लागली," विद्युल्लताताई म्हणाल्या.

"अहो, पण जलेबी तर तुम्हीच सुरू केलीत ना?"

"मी? मी तर आधी नुसतं पाणी द्यायचे!"

आम्ही दोघींनी एकदमच चिऊकडे पाहिलं.



चिऊला जोराचा खोकला आला.