दुसरा कॉम्प्युटर

लाइव्ह सुरू केलं की पडद्याच्या कोपऱ्यातला दर सेकंदाच्या फ्रेम्सचा आकडा एकशे वीसवरून बहात्तरवर घसरायचा. एकच कॉम्प्युटर गेमही चालवायचा आणि तो लोकांना दाखवायचाही. "म्हणीसन मी मरस," असं नवनीत गेममध्ये मेला की दोन वर्षं प्रेक्षकांना सांगत होता. त्याची अहिराणी बडबड ऐकायला येणारे सहाशे लोक आता साठवर आले होते.

शेवटी धाकट्या बहिणीने, दीपमालाने, आपला कॉम्प्युटर रनाळ्याला त्याच्या घरी आणून शेजारी जोडला. आता एकावर फक्त गेम, दुसऱ्यावर फक्त लाइव्ह. आकडा एकशे वीसवरून हलला नाही. नवनीत मात्र गेममधल्या पहिल्याच पुलावर मेला.

"व्होल्टेज कमी शे," तो म्हणाला आणि पुन्हा मेला.

शत्रू दिसला की "देखा रे भाऊसहोन" म्हणत तो माउस सोडायचा आणि त्याच हाताने शत्रूकडे बोट दाखवायचा. दीपमालाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फ्रेम्सचं निमित्त संपावं, एवढ्यासाठीच तिने कॉम्प्युटर आणला होता.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि साठ जणांदेखत सांगून टाकलं, "दादा, आते खेळसू मी. तू नुस्ता बोल."