दुसरं तिकीट

डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला आणि त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात वायरमनच्या खिशातला फोन वाजला. लेकीचा होता. त्यानं सवयीनं उचलला.

"बाबा, झाली तिकिटं! दोघांची! दहा वर्षं विमानानं उडून उडून जमवलेले सगळे पॉइंट घातले. अकरा दिवसांनी निघायचं. पाय पसरून झोपत यायचं, कळलं? आईला द्या फोन."

"झोपलीय ती," वायरमन म्हणाला.

लेक परदेशात होती. सातवा महिना चालू होता. आधी दोनदा पोटातलं गेलं होतं, म्हणून या खेपेला पलंगावरून उठायचीही बंदी होती. वायरमननं तिथेच, दवाखान्याच्या बाकावर ठरवलं. हे तिला फोनवर कळता कामा नये. आपण जायचं, तिच्या शेजारी बसायचं, हात धरायचा आणि मग सांगायचं.

त्यानं घरच्या सगळ्यांना ताकीद दिली. जावयालाही कळवलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मेव्हणीच्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिला दोनदा बजावलं.

मग रोज फोन. आई कशी आहे? बरी आहे. जेवली? जेवली, आता पडलीय. "बरं, उठवू नका," लेक म्हणायची. फोन ठेवला की वायरमन घामानं भिजलेला असायचा.

अकराव्या दिवशी तो विमानतळावर एकटा उभा राहिला. काउंटरवर त्यानं एकच पासपोर्ट पुढे केला. दुसऱ्या प्रवाशाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट काउंटरवरचा माणूस उठून बाहेर आला, त्यानं बॅग स्वतः उचलली आणि वायरमनला लाउंजच्या दारापर्यंत पोचवलं. लाउंज दुसऱ्याच विमान कंपनीचा होता, पण लेकीच्या कार्डावर चालत होता. लेकीचं सोनेरी कार्ड झालं तेव्हा तिनं हे आईला समजावलं होतं. कंपन्यांची युती असते, एकीचं कार्ड दुसरीकडे चालतं. "युती?" आई म्हणाली होती. "निवडणुकीतल्यासारखी? मग टिकायची नाही."

दारातल्या मुलीनं पास यंत्राखाली धरला, पडद्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "या काका. तिकडे कोपऱ्यात बसा, शांत आहे." तिनं चहाही स्वतः आणून दिला. वायरमनला वाटलं, सोनेरी कार्डाचा रुबाब.

बसतो न बसतो तोच लेकीचा फोन.

"आत पोचलात ना बाबा? मला आला इथे मेसेज."

"तुला कसा?"

"खातं माझं आहे ना! पास दाखवला की मला कळतं. विमानात चढलात की कळतं. सगळं कळतं. काहीतरी खाऊन घ्या, लाजू नका."

वायरमननं कप बशीत ठेवला. चाळीस वर्षं त्यानं वायरी ओढल्या होत्या. इथे तार तुटली की तिकडचा दिवा जातो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. विमान सुटणार, एक सीट रिकामी राहणार आणि लेकीच्या फोनवर मेसेज पडणार, आई चढली नाही. पुढचे बारा तास तो आभाळात आणि ती तो मेसेज हातात धरून पलंगावर.

तो दाराकडे जवळजवळ धावत गेला.

"पोरी, एक मेसेज थांबव. पाया पडतो तुझ्या."

"काका, अहो, काय झालं?"

"माझ्या तिकिटाबरोबर बायकोचं तिकीट आहे. ती येणार नाही. ती... गेली. लेकीला माहीत नाही. ती पोटुशी आहे, तिला धक्का बसला तर बाळ जाईल. तू काहीही कर. ती चढली म्हणून लिही. मी उतरेपर्यंत तरी!"

"असं लिहिता येत नाही, काका."

"मग माझं तिकीट फाड! मी इथेच थांबतो. दोघंही चढलो नाही तर काहीतरी थाप मारता येईल मला."

मागे उभे असलेले दोन प्रवासी मुकाट्यानं बाजूला झाले. मुलगी पडद्याकडे वळली.

"तसा मेसेज जाणारच नाही, काका," ती हळूच म्हणाली. "दुसरं तिकीट नाहीच आहे. मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी रद्द झालंय. सकाळी सातला."

बायको त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी गेली होती.

"कुणी केलं?"

मुलीनं पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्या नावापुढे खातेदारानं लिहिलेली सूचना होती. युतीतल्या प्रत्येक काउंटरवर ती दिसत होती.

'माझे वडील एकटे प्रवास करत आहेत. माझी आई नुकतीच वारली. मला कळलं आहे, हे त्यांना माहीत नाही. माझ्यासाठी लपवताहेत, त्या धीरावरच ते उभे आहेत. कृपया त्यांच्याजवळ विषय काढू नये. मी त्यांना समोर बसवून सांगेन.'

वायरमननं ते दोनदा वाचलं. मग पडदा हळूच पुन्हा मुलीकडे वळवून ठेवला. विमानात बसण्याची सूचना झाली. तो निघाला.

दारात पुन्हा फोन वाजला. "बाबा, निघालात? आई कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणाला. "तू पडून राहा."

"हो," ती म्हणाली.

बाप आणि लेक, दोघांचंही रडायचं राहिलं होतं.