गुणाची पोर

"ते औषध बंद कर," मुकादम म्हणाला. "नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नकोस."

शर्टांना कॉलर लावणारीच्या एका हातात रक्तवाढीच्या औषधाची बाटली होती, दुसऱ्या हातात ड्रॉपर. मांडीवर अडीच वर्षांची लेक, तोंड घट्ट मिटून.

लेकीनं सकाळपासून बटणांचे दोन डबे पालथे घातले होते. दोऱ्याचं अख्खं रीळ दारापर्यंत फिरवून आणलं होतं. मग मुकादमाच्या खुर्चीवर उभी राहून सगळ्या कारखान्याला "गप्प बसा" म्हणाली होती. मुकादमाला लागलं होतं ते हे शेवटचं.

"दोन महिन्यांपूर्वी किती गुणाची होती! चिंध्यांच्या ढिगावर ठेवली की सुट्टी होईपर्यंत तिथंच."

"गुणाची नव्हती, मुकादम. तिच्यात उठायला रक्त नव्हतं."

कौतुक सगळ्यांनीच केलं होतं. आईनंसुद्धा. रडत नाही, मागत नाही, हलत नाही. मेलेलं पोरही यातलं काहीच करत नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"आता भरलं ना रक्त? मग झालं की!"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरलं तरी अजून दोन महिने द्यायचं. मध्येच सोडलं तर पुन्हा तिथंच."

"मग ठरव. औषध की काम."

तिचा हात थांबला. लेकीला घेऊन बसू देईल असं दुसरं काम गावात नव्हतं. तिनं एकदा चिंध्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग लेकीचे गाल दाबले आणि ड्रॉपर आत रिकामा केला.

लेकीनं अर्धं गिळलं. उरलेलं अर्धं फुर्रकन मुकादमाच्या पांढऱ्या शर्टावर.

बाकीच्या तेराच्या तेरा मशिनी थांबल्या. हसताना सरळ शिलाई येत नाही.

"डाग निघत नाही बरं का त्याचा," काजवाली मावशी म्हणाली. बायकांत तीच सगळ्यात जुनी.

"दात काढू नका!" मुकादम शर्ट चोळत ओरडला. "आणि रक्त कमी होतं म्हणे! चांगली गोरीपान होती पोर!"

"गोरी?" आईनं लेकीची खालची पापणी अंगठ्यानं अलगद ओढली. "हे आतून असं लाल लागतं. तेव्हा इथं कागद होता, पांढराफटक."

मावशी उठून आली. लेकीच्या डोळ्यात वाकून बघितलं. मग स्वतःची पापणी खाली ओढली.

"माझं बघ गं."

आईनं बघितलं. "मावशी... कागद."

"तरीच म्हटलं, जिना चढताना छाती का फुटते."

मग शेजारची शेजारणीकडे वळली. "वर बघ, वर. डोळा मिचकावू नकोस, मेले!" "अगं बाई, तुझं तर माझ्याहून पांढरं!" हसत, खिदळत, चौदा बायका पापण्या ओढून उभ्या.

मुकादमाला वाटलं, सगळ्या मिळून आपल्याला वेडावतायत.

"बरं, बरं! पोरगी राहू दे, औषधही राहू दे," तो मागे सरकत म्हणाला. "पण मशिनी चालू करा. संध्याकाळी माल जायचाय."

"थांबा जरा," मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "अजून दोघींचं बघायचं राहिलंय."