निम्मा वाटा

सन २०७१ ची रथसप्तमी, सकाळचे अकरा, सांगली. केतकीच्या बोरन्हाणाला बायका जमल्या होत्या. पण दात येत असल्यामुळे तिने आकांत मांडला होता. मुकुंदराव तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होते.

"बाप असावा तर असा!" आत्याबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. लेकीच्या कळा आईबापांनी निम्म्या-निम्म्या वाटून घ्याव्यात, तिला काहीच उरू नये म्हणून दोघांच्या मनगटांवर पट्टे होते. आपला पट्टा त्यांनी महिन्यापूर्वीच, ग्रंथाची मुद्रिते तपासताना, गुपचूप बंद केला होता. आता बाहीआडून त्यांनी तो सुरू केला. जबड्यात कळ उसळली, हात गालाकडे गेला आणि केतकी खुदकन हसली.

स्वतःचा गाल धरून बसलेली तिची आई हेमांगी ते पाहत होती.

"तुमचा वाटा महिनाभर ही पोरच सोसत होती," ती म्हणाली.