भित्रे फौजदार

धाकटीने पोलीसभरतीचा अर्ज भरला, त्या वर्षीची ही गोष्ट. फौजदार वडिलांच्या स्मृतिदिनासाठी पोलीस ठाण्यात जाताना ती आईला म्हणाली, "मी अर्ज मागे घेते. मला सगळ्याचीच भीती वाटते. बाबांना कशाचीच नव्हती."

ठाण्यात साहेबही भाषणात तेच म्हणाले, "आपल्या फौजदारांना भीती ठाऊकच नव्हती."

आई जागची उठली. "माफ करा साहेब, पण पाल दिसली की ते पलंगावर चढून मला हाका मारायचे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग कारकुनालाही राहवेना. "वहिनी, इंजेक्शनला भिऊन ते दवाखान्याच्या खिडकीतून पळाले होते. मी गचांडी धरून परत नेलं."

"फौजदाराची गचांडी धरलीस?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तेव्हा ते रडत होते."

मग काय, सगळं ठाणं पोट धरून हसू लागलं. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. धाकटीला तर उचकीच लागली. उचक्या देतच तिने जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, "काका, आणि त्या आगीच्या दिवशी?"

"त्या दिवशी हात लटलट कापत होते त्यांचे. म्हणाले, लेका, माझी पार तंतरलीय, तू गाडी चालू ठेव. आणि गेले आत."

जळत्या इमारतीतून दोन म्हाताऱ्यांना बाहेर आणून तिसरीसाठी पुन्हा आत गेलेले फौजदार, धाकटीचे बाबा, चार वर्षांपूर्वी दहा मार्चला दुपारी तीन वाजता वारले.